‘ळ’चे मूळ आणि कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, अशी एक म्हण मराठीत रूढ आहे. या म्हणीतील ‘मूळ’ आणि ‘कूळ’ या दोन्ही शब्दांच्या अंती जो वर्ण उभा आहे, त्याच्याविषयी मात्र ही आज्ञा मोडणे प्राप्त आहे. वर्णमालेत त्याचे स्थान अगदी शेवटचे आहे. पाच वर्ग संपतात, अंतस्थ आणि ऊष्म वर्ण येऊन जातात, ‘ह’ येतो, आणि मग ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ या जोडाक्षरांच्या उंबरठ्यावर ‘ळ’ दिसतो. मराठीतील एकही रूढ शब्द त्याने आरंभ होत नाही. म्हणून बालबोधीच्या पुस्तकात इतर बहुतेक अक्षरांना त्यांच्यापासून सुरू होणारा शब्द मिळतो आणि ‘ळ’ला ‘बाळ’ किंवा ‘कमळ’ या शब्दाच्या शेवटी जाऊन बसावे लागते. त्याच्या आकृतीलाही उभा दंड नाही. त्यामुळे जोडाक्षरात इतर अक्षरांप्रमाणे दंड गाळून त्याचे अर्धे रूप करता येत नाही, आणि ‘पोळ्या’, ‘डोळ्यांत’ असे शब्द जुळवताना खिळे जुळवणाऱ्याला थोडा अधिक विचार करावा लागे. अशा या मागे बसलेल्या वर्णाविषयी मराठी माणसाला अभिमान वाटतो, हिंदी वाचकाला तो परका वाटतो, आणि अनुवादक त्याला बहुधा वाटेतच टाकून देतो. अभिमान, परकेपणा आणि टाकून देणे या तिन्ही वृत्ती अपुऱ्या माहितीवर उभ्या आहेत.

अभिमानाचा पहिला आधार वैदिक आहे. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत, आणि तिच्याही दुसऱ्याच पदात, ‘ईळे’ हे क्रियापद येते. त्यातील ‘ळ’ हा मुळात ‘ड’ आहे. दोन स्वरांच्या मध्ये आलेल्या ‘ड’चा ‘ळ’ आणि ‘ढ’चा ‘ळ्ह’ होतो, हा नियम ऋक्प्रातिशाख्यात नमूद आहे. पाणिनीच्या वर्णसूत्रांत मात्र ‘ळ’ला जागा नाही, आणि अभिजात संस्कृतात तेच क्रियापद ‘ईडे’ असे लिहिले जाते. म्हणजे वेदाच्या पठणात जो ध्वनी मुखोद्गत राहिला, तो व्याकरणाच्या दरबारात उभाच राहिला नाही. उत्तरेकडील वर्णमाला पुढे या अभिजात परंपरेच्या अनुरोधाने रूढ झाल्या. तरीही काशीत छापलेल्या ऋग्वेदाच्या पहिल्या पानावर ‘ळ’ असतोच. तेव्हा हा वर्ण उत्तरेला सर्वस्वी अपरिचित आहे असे म्हणणे बरोबर नाही.

परंतु यावरून मराठी ‘ळ’ हा वेदाचा थेट वारसा आहे असा निष्कर्ष काढणे ही घाई होय. वैदिक ‘ळ’ केवळ ‘ड’पासून येतो. मराठी ‘ळ’ला दोन मूळस्थाने आहेत. त्यांपैकी एक ‘ड’ हे खरे: ‘गुड’चा ‘गूळ’ झाला, ‘तडाग’चे ‘तळे’, ‘षोडश’चे ‘सोळा’, ‘दाडिमा’चे ‘डाळिंब’. पालीत ‘गुळ’ आणि ‘सोळस’ हे शब्द ‘ळ’सह येतात, तेव्हा ही वाट जुनी आहे. सातवाहनांच्या नाशिक येथील लेखांत पुळुमावीच्या नावात ‘ळ’ कोरलेला आहे. म्हणजे ज्या प्रदेशात पुढे मराठी आकाराला आली, तेथे या वर्णाला लिपीत अक्षर आणि दगडावर जागा फार पूर्वीच मिळाली होती. तथापि मराठीतील बहुसंख्य ‘ळ’ या वाटेने आलेले नाहीत. ते आले ‘ल’पासून, आणि कसे आले हे पाहणे अधिक उद्बोधक आहे.

संस्कृतात दोन स्वरांमध्ये एकटा ‘ल’ असेल तर मराठीत त्याचा ‘ळ’ होतो. प्राकृतात तो ‘ल’ द्वित्त झाला असेल, म्हणजे ‘ल्ल’ असेल, तर मराठीत तो ‘ल’च राहतो. ‘काल’पासून ‘काळ’ झाला. पण ‘कल्य’चे प्राकृतात ‘कल्ल’ झाले होते, म्हणून त्याचा मराठी वंशज ‘काल’ हा आहे. ‘वेला’ची ‘वेळ’ झाली आणि ‘वल्ली’चा ‘वेल’. ‘गलति’पासून ‘गळणे’ आले, आणि ‘गल्ल’चा ‘गाल’ राहिला. ‘चलति’पासून ‘चळणे’ निघाले, तर प्राकृतातील ‘चल्ल’पासून ‘चालणे’. ‘तैल’चे प्राकृतात ‘तेल्ल’ झाले, म्हणून आज कोणी ‘तेळ’ म्हणत नाही. मराठी भूतकाळाच्या ‘गेला’, ‘केला’ या रूपांतील ‘ल’ही प्राकृतातील ‘इल्ल’ या प्रत्ययाचा अवशेष आहे. ते द्वित्त नसते, तर मराठी माणूस आज ‘गेळा’, ‘केळा’ असे बोलत असता.

शब्दाच्या आरंभी ‘ळ’ का येत नाही, याचेही उत्तर याच नियमात आहे. दोन स्वरांच्या मध्ये सापडल्यावाचून हा बदल घडत नाही, आणि शब्दाच्या तोंडाशी असलेल्या वर्णाला मागचा स्वर नसतो. बालबोधीच्या पुस्तकाची अडचण ही अशी भाषेच्या इतिहासातून आलेली आहे. अरबी, फारसी आणि इंग्रजीतून मागाहून आलेल्या शब्दांना हा नियम सहसा लागला नाही, कारण ते आले तेव्हा त्याचा कारभार आटोपलेला होता. म्हणून ‘माला’पासून झालेली ‘माळ’ आणि अरबीतून आलेला ‘माल’ शेजारी शेजारी नांदतात, आणि ‘कमाल’, ‘बिल’, ‘हॉटेल’ यांतील ‘ल’ला कोणी हात लावत नाही. एखादा शब्द घरचा की पाहुणा, आणि घरचा असल्यास कोणत्या दाराने आत आला, हे ‘ल’ आणि ‘ळ’ यांच्या साक्षीवरून पुष्कळदा ओळखता येते. झूल ब्लॉक यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या फ्रेंच ग्रंथात मराठीच्या घडणीचा शास्त्रशुद्ध विचार मांडला आणि कृ. पां. कुलकर्णी यांनी ‘मराठी व्युत्पत्तिकोशा’त (१९४६) शब्दाशब्दाचा माग काढला. त्या कामात अशा वर्णांच्या साक्षीचे मोल मोठे आहे.

हा नियम एकट्या मराठीचा नाही. ‘फल’ आणि ‘फुल्ल’ हे दोन संस्कृत शब्द घ्यावेत. मराठीत ‘फळ’ आणि ‘फूल’. गुजरातीत ‘फळ’ आणि ‘फूल’. ओडियात ‘फळ’ आणि ‘फुल’. पंजाबीत फळाच्या उच्चारात ‘ळ’ आहे आणि फुलाच्या उच्चारात जुने द्वित्त अजून जिवंत आहे. तेथे ‘फुल्ल’ असेच म्हणतात. राजस्थानीतही ‘ळ’ नांदतो. हिंदीत मात्र ‘फल’ आणि ‘फूल’ या दोहोंत एकच ‘ल’ आहे. बंगाली आणि असमिया यांनीही हा भेद राखलेला नाही. म्हणजे पंजाबातून राजस्थान, गुजरात, महाराष्ट्र, गोवा या वाटेने दक्षिणेकडे उतरून पुन्हा ओडिशात वर येणारी एक कमान नकाशावर काढता येते. गंगेचे खोरे तेवढे तिच्या बाहेर राहते. दक्षिणेच्या चारही प्रमुख भाषांत ‘ळ’ आहेच. तेव्हा मराठीने तो त्यांच्याकडून उसना घेतला असे सांगितले जाते. शेजाराचा परिणाम नाकारण्याचे कारण नाही. परंतु द्राविड भाषांपासून इतक्या दूर असलेल्या पंजाबीत तोच नियम दिसतो, आणि तो प्राकृतातील एकेरी-दुहेरी ‘ल’च्या भेदाला इतका काटेकोर धरून चालतो, की केवळ उसनवारीने त्याचा उलगडा होत नाही. वेदातून थेट उतरला हे जसे अर्धसत्य, तसेच दक्षिणेकडून आणला हेही.

येथे हस्तलिखितांचा एक दाखला अर्थपूर्ण आहे. माहाराष्ट्री प्राकृताच्या ग्रंथांची उत्तरेकडील हस्तलिखिते ‘ल’ लिहितात, तर दक्षिणेकडील हस्तलिखिते ‘ळ’ लिहितात. ग्रंथ तोच, भाषा तीच. परंतु नकलणाऱ्याच्या वर्णमालेत जे अक्षर नाही ते त्याच्या लेखणीतून उतरत नाही, आणि जे त्याच्या मुखी आहे ते नकळत उतरते. नकलकार हा अनुवादकाचा पूर्वज आहे. त्याची ही सवय अनुवादकांत अद्याप टिकून आहे.

मराठी वाङ्मयाच्या दृष्टीने ‘ळ’चे खरे महत्त्व व्युत्पत्तीपेक्षा अर्थच्छटांत आहे. अनेक तत्सम शब्द मराठीत दोनदा आले: एकदा लोकांच्या मुखातून झिजत झिजत, ‘ळ’ घेऊन, आणि पुन्हा पंडितांच्या पोथीतून, ‘ल’ जसाच्या तसा राखून. अशा जोड्यांत शब्द एकाच आईचे असले तरी त्यांचे संसार वेगळे झाले. ‘फलश्रुती’ आणि ‘फलज्योतिष’ यांत ‘ल’ आहे, पण बाजारात मिळते ते ‘फळ’. ‘कला’ प्रदर्शनात मांडली जाते. ‘कळा’ चंद्राला असते, आणि ‘अवकळा’, ‘प्रेतकळा’ या शब्दांत ती माणसाच्या तोंडावर उतरते. ‘कुलगुरू’ विद्यापीठात बसतो, ‘कुलदैवत’ देव्हाऱ्यात. ‘कूळ’ मात्र शेताच्या बांधावर उभे असते. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट कायद्याने ज्याच्या हक्काचा विचार केला, तो ‘कूळ’ दुसऱ्याच्या जमिनीत राबणारा माणूस होता. एकाच शब्दाने एका बाजूला वंशाची प्रतिष्ठा आणि दुसऱ्या बाजूला खंडाने जमीन कसणाऱ्याची परवशता सांगावी, आणि त्या दोहोंतील अंतर एका वर्णाने दाखवावे, ही मराठी समाजाची अजाणता लिहून ठेवलेली नोंद आहे.

यावरून ‘ल’ म्हणजे उच्चभ्रू आणि ‘ळ’ म्हणजे ग्राम्य असे सरळ समीकरण मांडण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. ‘मंगल’ आणि ‘मंगळ’ ही जोडी त्या समीकरणात बसत नाही. मंगलाष्टकांत आणि मंगल कार्यालयात ‘ल’ आहे. गळ्यातील मंगळसूत्रात आणि श्रावणातील मंगळागौरीत ‘ळ’ आहे. हे दोन्ही शुभच. पण मुलीच्या पत्रिकेत ‘मंगळ’ आहे असे कळताच घरातील माणसांचा चेहरा उतरतो. शुभ या अर्थाच्या शब्दाने अशुभाचे भय वाहावे, आणि तेही ‘ळ’ घेतल्यावर, यात व्याकरणाचा काही संबंध नाही. केवळ रूढीचा आहे. ‘काळ’ हा शब्दही असाच. तो समय आहे, मृत्यू आहे, ‘दुष्काळा’त तो पिकांवर येतो, आणि शिवराम महादेव परांजपे यांनी १८९८ मध्ये आपल्या साप्ताहिकाला ‘काळ’ हे नाव दिले तेव्हा हे सारे अर्थ त्या दोन अक्षरांत एकवटले. ‘काल’ असे नाव दिले असते तर मराठी वाचकाच्या कानाला ते आदल्या दिवसाचे वर्तमानपत्र वाटले असते.

‘बळी’ हा शब्द या सर्वांत अधिक विचार करण्यासारखा आहे. वामनाने पाताळात घातलेला राजा तो बळी. वेदीवर दिला जातो तोही बळी. आणि ‘बळीराजा’ म्हणजे शेतकरी. बलिप्रतिपदेला ओवाळताना बळीचे राज्य परत यावे अशी इच्छा बोलून दाखवण्याची रीत महाराष्ट्रात आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गुलामगिरी’त याच बळीला न्यायी राजाचे रूप दिले आणि पुराणातील पराभूताला शेतकऱ्यांच्या इतिहासाचा नायक केले. ही सारी परंपरा ‘बळी’ या लोकरूपाभोवती वाढली. ‘बलि’ या पोथीरूपाभोवती नव्हे. हिंदीत ‘बलि’ असे लिहिले की पुराणातील दैत्य आणि यज्ञातील आहुती समोर उभी राहते. शेतकरी दिसत नाही. रोमन लिपीत लिहिले की ‘बळी’, ‘बली’ आणि ‘बाली’ द्वीप हे तिन्ही एका वर्णरचनेत कोंबले जातात. अशा वेळी अनुवादकाने तळटीप दिली नाही, तर फुल्यांच्या युक्तिवादाचा पायाच वाचकाच्या नजरेआड होतो.

‘ळ’चा आग्रह धरणाऱ्यांनी मराठीच्या अंगणातही एकदा पाहिले पाहिजे. विदर्भात आणि खानदेशात ‘ळ’चा ‘य’ होतो. ‘डोळा’ तेथे ‘डोया’ आणि ‘काळा’ तेथे ‘काया’. उत्तर कोकणच्या किनाऱ्यावरील आगरी-कोळी बोलीत ‘ळ’चा ‘ल’ होतो, आणि ‘कोळी’ स्वतःला ‘कोली’ म्हणवतो. शाळेने या उच्चारांना दीर्घकाळ अशुद्ध ठरवले. परंतु बहिणाबाई चौधरी यांची गाणी १९५२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि त्यांतील ‘वढाय’ हा शब्द साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी बसला. प्रमाण मराठीत तो ‘वढाळ’ आहे: दावे तोडून दुसऱ्याच्या पिकात शिरणारे गुरू. ‘वढाय’च्या जागी कोणी शुद्धलेखनाचा नियम म्हणून ‘वढाळ’ छापले, तर अर्थ तोच राहील, पण त्या ओळीतील नाद आणि बोलणारी बाई दोन्ही निघून जातील. म्हणजे ‘ळ’ पुसणे हा जसा अन्याय, तसाच जेथे तो नाही तेथे तो बसवणे हाही अन्यायच. ज्या मुखातून शब्द आला त्या मुखाशी इमान राखणे, हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे.

हे तत्त्व विशेषनामांच्या बाबतीत सर्वांत अधिक मोडले जाते. ‘बाळ गंगाधर टिळक’ हे नाव हिंदीत ‘बाल गंगाधर तिलक’ होते. ‘ट’चा ‘त’, ‘ळ’चा ‘ल’. आणि एका आडनावाच्या जागी कपाळावरील गंध उरते. गंगाधर गाडगीळ हिंदीत ‘गाडगिल’ होतात. रोमन लिपीतून नाव परत देवनागरीत आणले की ‘काळे’ आणि ‘काले’ यांत निवड करण्यास वाचकाजवळ साधन उरत नाही. ग्रंथालयांच्या शास्त्रीय लिप्यंतरात एल या अक्षराखाली बिंदू देऊन ‘ळ’ दाखवण्याची पद्धत आहे; परंतु संस्कृताच्या रूढ रोमन लेखनात तेच चिन्ह ‘ऌ’ या स्वराला दिलेले आहे, आणि छापखान्यात तर तो बिंदू पहिल्या संधीला गळतो. रोमन लिपीत कोकणी लिहिणाऱ्या गोमंतकीयांनी यावर घरगुती तोड काढली: ‘ळ’ दाखवायचा तेथे एल दोनदा लिहायचा. इतिहासात दुहेरी ‘ल’ हा ‘ल’ राहिला आणि एकेरी ‘ल’चा ‘ळ’ झाला. येथे लिपीने बरोबर उलट केले. पण भेद राखला, हे महत्त्वाचे.

तथापि या तक्रारीत मराठी लेखकाला केवळ फिर्यादी म्हणून उभे राहता येत नाही. पंधराव्या शतकात ज्या कवीने ओडिया महाभारत रचले, त्याचे नाव ओडियात ‘सारळा दास’ आहे. मराठीजवळ तो वर्ण जन्मापासून असतानाही मराठी लेखनात पुष्कळदा ‘सारला दास’ असे छापले जाते, कारण ते नाव ओडियातून न येता हिंदीच्या किंवा इंग्रजीच्या हातून आलेले असते. दोन घरांत एकच दागिना असावा आणि मधल्या हाताने तो वितळवून द्यावा, तसे हे आहे. दक्षिणेच्या बाबतीत तर मराठीचा अपराध अधिक जुना आहे. तमिळ आणि मल्याळम या भाषांत ‘ळ’खेरीज आणखी एक स्वतंत्र वर्ण आहे. ‘तमिळ’ या नावाच्या अंती तोच आहे, ‘आळवार’ आणि ‘चोळ’ यांतही तोच. मराठी या सर्वांना सरसकट ‘ळ’ लिहिते. ‘चेम्मीन’ या कादंबरीसाठी १९५७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या तकऴी शिवशंकर पिळ्ळै यांच्या नावात हे दोन्ही वर्ण आहेत: गावाच्या नावात एक, आडनावात दुसरा. हिंदीत ते ‘तकषी शिवशंकर पिल्लै’ होतात. मराठीत ते ‘तकळी’ होतात, आणि हिंदीवरून घेतले तर ‘तकषी’. हिंदी ‘टिळकां’चे जे करते, तेच मराठी ‘तकऴीं’चे करते; ज्याला जो भेद ऐकू येत नाही, तो त्याला क्षुल्लक वाटतो.

यावर उपाय नाही असे नाही. केंद्रीय हिंदी निदेशालयाने १९६६ मध्ये ‘परिवर्धित देवनागरी’ प्रसिद्ध केली, तेव्हा इतर भारतीय भाषांच्या लिप्यंतरासाठी तीत ‘ळ’ला आणि खाली बिंदू दिलेल्या ‘ऴ’ला जागा देण्यात आली. संगणकाच्या आजच्या वर्णसंचातही ‘ळ’ आणि ‘ऴ’ यांना शेजारशेजारची स्वतंत्र स्थाने आहेत. साधन हाताशी आहे, सवय नाही. हिंदी वाचकाने ‘ळ’ मराठी माणसाप्रमाणे उच्चारावा अशी अपेक्षा कोणी धरू नये. वाचक आपल्या जिभेने वाचणारच. परंतु पानावर ‘टिळक’, ‘सारळा’, ‘तकऴी’ असे असेल, तर निदान त्याला कळेल की येथे आपल्या भाषेत नसलेले काही आहे. अनुवाद वाचणाऱ्याला याहून अधिक प्रामाणिक सूचना क्वचितच देता येते. हे अक्षर काढून टाकल्याने वाचन सुलभ होते, असे म्हणतात. पण त्या सुलभतेत मूळ भाषा वेगळी होती ही जाणीवच हरवते, आणि ती हरवल्यावर एका भारतीय भाषेतून दुसरीत अनुवाद करण्याचे प्रयोजनही काही अंशी हरवते.

म्हणूनच ‘ळ’विषयीचा आग्रह अस्मितेच्या घोषणेवर उभा करू नये. हा वर्ण एकट्या मराठीची मिरास नाही. तो पालीचा आहे, ओडियाचा आहे, राजस्थानीचा आणि तमिळचा आहे, आणि खानदेशातील बाईच्या तोंडी तो नाहीही. त्याच्या रक्षणाचे कारण साधे आहे: ‘फळ’ आणि ‘फूल’ यांच्या मागे दोन वेगळे इतिहास आहेत, आणि ‘ळ’ त्यांपैकी एकाची खूण आहे. ती खूण कायम ठेवायची की पुसायची, हे पुष्कळदा मुद्रिते तपासणाऱ्या एका माणसाच्या लेखणीवर ठरते. ‘सारला’ या शब्दाशी त्याची लेखणी क्षणभर थांबली आणि तेथे ‘ळ’ आला, तर ओडियातील तो कवी मराठीत आपल्या नावाने येईल.